मायेची ऊब आणि मजुरीचा हिशेब

शहरांतून भरणाऱ्या हस्तकलेच्या प्रदर्शनांत गोधडीला अलीकडे मानाची जागा मिळू लागली आहे. पाहुणा दारात आला की जी वस्तू घाईघाईने आतल्या खोलीत ढकलली जाई, ती आता दिव्यांच्या झोतात, दांडीवर पसरून, सन्मानाने मांडलेली दिसते. तिला एक चिठ्ठी बांधलेली असते. चिठ्ठीवर किंमत असते, गोधडी कशी धुवावी याची सूचना असते आणि आजीच्या मायेची, आईच्या पदराची, गावाकडच्या आठवणींची दोन-चार गोड वाक्ये असतात. ती गोधडी कोणी शिवली, शिवायला किती दिवस लागले आणि त्या दिवसांचे तिच्या हातात काय पडले, या तीन प्रश्नांची उत्तरे मात्र बहुधा त्या चिठ्ठीवर सापडत नाहीत. शिवणारीचे नाव आवर्जून लिहिणाऱ्या संस्था आहेत. पण त्या अपवाद म्हणूनच उठून दिसतात. चिठ्ठी लहान असते म्हणून ही उत्तरे राहून जातात, असे समजणे भोळेपणाचे ठरेल. जिथे मायेची चार वाक्ये मावतात तिथे मजुरीचा एक आकडा सहज मावला असता.

या व्यवहाराकडे कष्टकऱ्यांच्या चळवळीने गंभीरपणे पाहिलेले नाही. गोधडी हा बायकांचा फावल्या वेळचा उद्योग, त्यात कसले अर्थकारण आणि कसले शोषण, असा समज कार्यकर्त्यांतही रूढ आहे. तो समज किती चुकीचा आहे आणि बाजाराला किती सोयीचा आहे, हे तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

प्रथम गोधडी म्हणजे काय ते स्पष्ट असावे. पश्चिम महाराष्ट्रात जिला वाकळ म्हणतात, सीमेपलीकडे कानडी मुलखात जिला कवदी म्हणतात, ती गोधडी मुळात गरिबीची निर्मिती आहे. कापसाने भरलेली रजई आणि पिंजाऱ्याची मजुरी ज्यांना परवडत नव्हती, त्यांनी जुन्या कापडांचे थर एकमेकांवर अंथरून थंडीशी सामना केला. नेसून विरलेले नऊवारी लुगडे तळाला, वर फाटकी धोतरे, सदरे, पोरांची अंगडी, पुन्हा वर एक लुगडे आणि या सगळ्यांतून आरपार जाणारा धावदोरा. ज्या घरात कापडाचा एक तुकडाही वाया घालवण्याची ऐपत नव्हती, त्या घरात ही विद्या वाढली. गाडगेबाबांना लोक गोधडेबाबा म्हणत ते त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांच्या वस्त्रामुळे. आणि ते वस्त्र पाहून हा आपल्यातलाच माणूस आहे हे गरिबाला सांगावे लागत नसे. ठिगळ हे दारिद्र्याचे उघड चिन्ह होते. आज तेच ठिगळ दिवाणखान्याची शोभा झाले आहे; ठिगळ लावणारी मात्र बहुतेक ठिकाणी होती तिथेच आहे.

पण गोधडी ही केवळ गरज होती असे म्हणणेही अपुरे ठरेल. थंडी भागवायला चार कापडे कशीही टाचली तरी चालले असते. प्रत्यक्षात कोणत्या लुगड्याचा काठ कुठे यावा, लालाशेजारी काळे ठेवावे की पिवळे, धावदोऱ्याच्या ओळी सरळ न्याव्यात की चौकोनात फिरवाव्यात, याचा निर्णय शिवणारी बाई करत आली. बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीच्या बाळाचे दुपटे मऊ जुन्याच लुगड्याचे शिवायचे, वारलेल्या सासूचे लुगडे नातवंडांच्या गोधडीत घालायचे, हेही तिनेच ठरवले. या निर्णयांमागे तिची स्वतःची कारणे होती, स्वतःचे दुःख होते आणि स्वतःची दृष्टी होती. उत्तर कन्नडमधील सिद्दी स्त्रिया आपल्या 'कवंद' गोधड्यांच्या कोपऱ्यांना तिकोनी ठिगळांची फुले लावतात आणि फुलांवाचून गोधडी उघडी समजतात. त्या फुलांनी ऊब वाढत नाही. ज्यांच्या पदरी काहीच नाही त्यांनाही वस्तू पुरती करण्याची ओढ असते, एवढेच ती फुले सांगतात. म्हणून गोधडीमागील व्यक्तिगत प्रेरणा ही बाजाराने रचलेली कथा आहे असे म्हणून ती झिडकारणे ही चूक होईल. प्रेरणा खरी आहे. तिच्या नावावर चाललेला व्यवहार खोटा आहे.

हा फरक कसा पडतो आणि कोणाच्या पदरात काय पडते, याचा सर्वांत तपशीलवार पुरावा गोधडीच्याच क्षेत्रात, पण दूर देशात उपलब्ध आहे. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील विल्कॉक्स परगण्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचे खेडे आहे. तिथले काळे रहिवासी हे तिथल्याच मळ्यावर राबलेल्या गुलामांचे वंशज. गुलामी गेली तरी जमीन मालकाचीच राहिली आणि ही माणसे कुळे होऊन त्याच मातीत कापूस पिकवत राहिली. १९३२ साली, त्यांना उधारी देणारा व्यापारी वारल्यावर, त्याच्या वारसांनी थकबाकीपोटी गावातील घराघरांतून धान्य, जनावरे आणि अवजारे उचलून नेली. ऐन हिवाळ्यापूर्वी गाव नागवला गेला. अशा गावातील बायका कामाचे फाटके कपडे, पीठ आणि खताची पोती, जे हाती लागेल ते जोडून गोधड्या शिवत होत्या. भेगाळलेल्या लाकडी भिंतींच्या घरांत त्या गोधड्यांनीच पोरे जगवली.

याच गावातील मिसुरी पेटवे या स्त्रीने १९४२ साली नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याचे शेतातले कामाचे कपडे घेतले आणि त्यांची गोधडी शिवली. गुडघ्यावर झिजलेल्या विजारी, उन्हाने विटलेले सदरे, त्यावरचे डागसुद्धा तसेच राहिले. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखाली निजता यावे यासाठी आईने ती शिवली, असे तिच्या मुलीने पुढे सांगितले. व्यक्तिगत प्रेरणेचे याहून निखळ उदाहरण मिळणे कठीण आहे. आणि ही प्रेरणा वर्गजीवनापासून वेगळी काढता येत नाही, हेही त्या गोधडीतच दिसते. तिने नवऱ्याची आठवण म्हणून जपले ते त्याच्या श्रमाचे कपडे. कारण त्याच्यामागे उरण्यासारखे दुसरे फारसे काही नव्हतेच.

पुढची कथा कार्यकर्त्यांनी लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. १९६५ च्या फेब्रुवारीत मार्टिन ल्यूथर किंग या गावात आले. मतदार म्हणून नाव नोंदवण्याचे धाडस या परिसरातील काळ्या माणसांनी केले तेव्हा अनेकांची घरे आणि कामे गेली. परगण्याच्या मुख्य गावाला जोडणारी होडी १९६२ सालीच बंद पडली होती. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. अशा कोंडीत १९६६ साली परिसरातील बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था उभी केली. गोधड्या प्रथम न्यूयॉर्कमध्ये लिलावाने विकल्या गेल्या. त्या पैशातून पुढे संस्थेने जमीन घेतली, स्वतःचे शिवणकेंद्र बांधले आणि आपल्या जमिनीचा काही भाग मालकांनी हुसकावलेल्या कुटुंबांना घरांसाठी दिला. सुईने मिळवलेल्या पैशातून मतदानाचा हक्क टिकवण्यासाठी पायाखाली जमीन मिळवली गेली. गोधडी ही राजकारणाबाहेरची गोष्ट आहे असे मानणाऱ्यांनी या घटनेचा विचार करावा.

या सहकाराला मर्यादाही होत्या आणि त्या लपवण्याचे कारण नाही. मोठ्या दुकानांना एकसारखा माल हवा असे. १९७२ साली एका बड्या व्यापारी कंपनीचे कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचे काम मिळाले. रोजगार आला, पण जिच्या डोळ्यांनी रंग ठरत होते तिला ठरलेल्या मापाचा एकच नग पुन्हा पुन्हा शिवावा लागला. तरीही हिशेब बायकांच्या हातात होता. २०१२ साली संस्था बंद झाली. पण साडेचार दशके तिने तिथल्या गरीब स्त्रियांना कामाचा दाम आणि एकत्र उभे राहण्याची जागा दिली.

याउलट दुसरी वाट पाहावी. संग्राहकांनी गावातील जुन्या गोधड्या विकत घेतल्या आणि २००२ साली त्या ह्यूस्टनच्या व नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात झळकल्या. समीक्षकांनी त्यांना आधुनिक चित्रकलेच्या पंक्तीत बसवले. २००६ साली त्यांच्यावर अमेरिकेची टपाल तिकिटे निघाली. गोधड्यांच्या नक्षीचे हक्क विकले जाऊन त्या नक्षीच्या घरगुती वस्तू बाजारात आल्या. २००७ साली गावातील तीन स्त्रियांना न्यायालयात जावे लागले: आपल्या गोधड्यांचा आणि नक्षीचा योग्य मोबदला आपल्याला मिळालेला नाही, असा त्यांचा आरोप होता. प्रतिपक्षाने तो नाकारला. २००८ साली तडजोड झाली आणि तिच्या अटी बंद राहिल्या. एवढ्या अनुभवानंतरही २०२४ साली एका बड्या दुकानसाखळीने याच गावातील पाच स्त्रियांच्या नक्षीचा माल देशभर विकला, तेव्हा त्यांना विक्रीत हिस्सा नव्हता; ठोक रक्कम देऊन विषय संपवण्यात आला. त्यांची नावे आणि चेहरे मात्र जाहिरातीत होते.

या दोन वाटांतला भेद शहाण्याला पुरेसा आहे. बायकांची प्रेरणा दोन्ही ठिकाणी तीच होती, कौशल्यही तेच होते. पहिल्या वाटेवर त्या मालक होत्या. दुसऱ्या वाटेवर त्या कथेतील पात्र झाल्या. पात्राला टाळ्या मिळतात. हिशेब मात्र कथा सांगणाऱ्याच्या वहीत राहतो.

महाराष्ट्रातील गोधडीचा बाजार आज याच दुसऱ्या वाटेवर आहे. फरक इतकाच की इथे संग्रहालय नाही आणि न्यायालयात जाण्याची ताकदही नाही. इथे एक नवीनच प्रघात पडला आहे. शहरातील कुटुंब वारलेल्या आईच्या साड्या गोधडी शिवायला पाठवते. आठवण गिऱ्हाइकाची, कथा दुकानदाराची आणि डोळे, बोटे, पाठ शिवणारीची. दुसऱ्याच्या आईच्या साड्या ती हळुवारपणे उकलते आणि विरलेला पदर जपून आत घेते. तिची स्वतःची आई कोणत्या लुगड्यात गेली, हे तिला कोणी विचारत नाही. प्रेरणासुद्धा ज्याच्याजवळ पैसा आहे त्याचीच मोजली जाते, हे या व्यवहाराचे खरे स्वरूप आहे.

आता मजुरीचा साधा हिशेब मांडून पाहावा. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद अशी एक मध्यम गोधडी घेतली आणि तिच्यावर दर अर्ध्या इंचाला धावदोऱ्याची एक ओळ धरली, तर ९६ ओळी होतात. प्रत्येक ओळ सहा फुटांची, म्हणजे सारा दोरा ५७६ फूट चालतो. इंचाला दोन टाके धरले तर टाक्यांची संख्या १३,८०० च्या वर जाते. चार-पाच थरांतून सुई आरपार काढत मिनिटाला दहा टाके पडले, तरी केवळ धावदोऱ्यालाच २३ तास लागतात. त्यात कापड धुणे, उसवणे, तुकडे कातरणे, रंग जुळवणे, थर अंथरून कच्चे टाके घालणे आणि काठ दुमडणे हे काम धरलेले नाही. आठ तासांचा दिवस मानला तर मान वर न करता तीन पूर्ण दिवस फक्त टाक्यांचे होतात. गोधडीच्या किमतीतून कापड, वाहतूक, दुकानभाडे आणि नफा वजा करून शिवणारीला जे दिले जाते, ते या दिवसांनी भागून पाहावे. त्या भागाकाराचे उत्तर शेतमजुरीच्या किमान दराशी ताडून पाहावे. हा भागाकार प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावात एकदा करावा. पुढच्या चर्चेला त्याहून चांगली सुरुवात नाही.

या मांडणीवर तीन आक्षेप हमखास घेतले जातात. त्यांचा परामर्श घेणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप असा की बायका हे काम आवडीने करतात, त्याला मजुरीच्या तराजूत तोलणे हा त्या आवडीचा अपमान आहे. हा युक्तिवाद कोणाच्या बाबतीत केला जातो ते पाहण्याजोगे आहे. शल्यविशारदाला आपले काम आवडते म्हणून त्याची फी कोणी कापत नाही. गवयाला गाण्याचा आनंद मिळतो म्हणून मैफलीची बिदागी कोणी बुडवत नाही. आवड हे मोबदला कमी करण्याचे कारण फक्त बाईच्या आणि गरिबाच्या बाबतीतच ठरते. घरात स्वयंपाक करते ती प्रेमाने करते, म्हणून तो श्रम नव्हे. याच न्यायाने गिरणगावातील खानावळवाल्या बायका दिवसाला दोन वेळ गिरणी कामगारांची ताटे वाढत असूनही वर्षानुवर्षे कामगार गणल्या गेल्या नव्हत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात त्यांना संघटित केले, बँकेची दारे त्यांच्यासाठी उघडली, तेव्हा चुलीपुढचा तो श्रम हिशेबात आला. प्रेमाने केलेल्या भाकरीचे पैसे मिळाल्याने भाकरीची चव बिघडल्याची नोंद नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. दर वाढला तर गिऱ्हाईक यंत्रावरची स्वस्त गोधडी घेईल आणि बाईचे होते ते कामही जाईल, असे सांगितले जाते. पण ज्याला स्वस्त पांघरूण हवे आहे तो आजही कारखान्यातील ब्लँकेटच घेतो. हाताच्या गोधडीचे गिऱ्हाईक वेगळे आहे. ते हाताच्या टाक्यासाठी आणि त्यामागच्या माणसासाठी जास्त पैसे मोजते; चिठ्ठीवरची मायेची वाक्ये त्यासाठीच तर छापलेली असतात. म्हणजे जादा किंमत बाईच्या हाताच्या नावावर वसूल होते आणि मजुरी ठरवताना मात्र यंत्राची भीती घातली जाते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

तिसरा आक्षेप चळवळीच्या आतून येतो आणि म्हणून अधिक गंभीर आहे. घरबसल्या सुई चालवणारी बाई ही कामगार नव्हे. तिला मालक नाही, कारखाना नाही, हजेरीपट नाही. तिचे उत्पन्न 'पूरक' आहे. तिची संघटना कशी बांधणार, असे अनुभवी कार्यकर्तेही विचारतात. हा प्रश्न नवा नाही. १९७२ साली अहमदाबादेत इला भट यांच्या पुढाकाराने 'सेवा' ही असंघटित स्त्रियांची संघटना कामगार संघ म्हणून नोंदवायला गेली, तेव्हा निबंधकाच्या कार्यालयाचा आक्षेप नेमका हाच होता: या बायकांना मालकच नाही, तर त्या लढणार कोणाशी? संघटना केवळ मालकाविरुद्ध नसते, ती श्रम करणाऱ्यांच्या एकजुटीसाठी असते, हे त्या बायकांनी पटवून दिले आणि नोंदणी मिळवली. जो आक्षेप त्या दिवशी सरकारी कार्यालयातून आला, तो आज चळवळीच्या बैठकीतून यावा, ही काही अभिमानाची गोष्ट नाही.

याच अहमदाबादेतील चिंधी कामगार स्त्रियांचे उदाहरण तर थेट गोधडीचेच आहे. दर्यापूर भागातील गरीब, बहुतांशी मुस्लिम स्त्रिया गिरण्यांतून निघणाऱ्या चिंध्या जोडून रजयांच्या खोळी शिवत. चिंध्या व्यापारी द्यायचा, खोळी तोच घ्यायचा आणि नगाचा दरही तोच ठरवायचा. मधल्या मध्ये यंत्र बाईचे, दोरा बाईचा, घर बाईचे आणि नुकसानही बाईचेच. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी 'सेवा'मार्फत दर वाढवून मागितला तेव्हा काम बंद करण्याचे हत्यार व्यापाऱ्यांनी उगारले. या कोंडीला उत्तर म्हणून 'सबिना' ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि गिरण्यांकडून चिंध्या थेट मिळवण्याची लढाई सुरू झाली. मालक दिसत नाही याचा अर्थ मालक नसतो असा होत नाही. कच्चा माल आणि दर ज्याच्या हातात असतो तो मालकच असतो, हा धडा दर्यापूरच्या गल्ल्यांतून मिळालेला आहे.

कायद्याच्या दृष्टीनेही ही मागणी अघटित नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या व्याख्येतच माल घरी नेऊन काम करून देणाऱ्या कामगाराचा समावेश होता. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने तर घरी पाने आणि तंबाखू नेऊन विड्या वळणाऱ्या बाईला स्पष्टपणे कामगार मानले. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांनी या मान्यतेच्या आधारावर किती लढे दिले ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. घरी बसून विडी वळणारी कामगार आणि त्याच घरात, त्याच उंबऱ्याशी बसून गोधडी शिवणारी मात्र 'हौशी कलाकार', हा भेद कोणत्या तर्काने करायचा? घरकामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९६ चा करार, क्रमांक १७७, त्यांना इतर वेतनी कामगारांच्या बरोबरीची वागणूक द्यावी असे सांगतो. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. २००८ च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्याने घरातून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या केली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आली. व्याख्या कागदावर आहे. शिवणारीच्या दरापर्यंत ती पोचलेली नाही.

अनेक मालक आणि विखुरलेले कामगार, अशा स्थितीत काय करता येते याचे उत्तर महाराष्ट्रानेच देशाला दिले आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने आज या गाळ्यावर तर उद्या त्या गाळ्यावर ओझी वाहणाऱ्या हमालांसाठी मंडळे निर्माण केली. व्यापाऱ्याने मजुरी आणि त्यावरील लेव्ही मंडळाकडे भरायची. मंडळाने कामगाराला वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि इतर लाभ द्यायचे. हमालाच्या पाठीवरचे ओझे दिसत होते म्हणून त्याला कायदा मिळाला असे नव्हे; तो मिळवण्यासाठी संघटना उभी राहिली म्हणून मिळाला. गोधडी, भरतकाम, खोळी, शिवणकाम या सर्व घरगुती श्रमांसाठी याच धर्तीचे मंडळ अशक्य आहे असे कोणी म्हणत असेल तर त्याने १९६९ पूर्वी माथाडी कामगारांविषयी काय म्हटले जात होते ते आठवावे.

म्हणून चळवळीपुढचे काम स्पष्ट आहे. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गोधडीवर शिवणारीचे नाव, तिला वाटत असेल तर, आणि तिला मिळालेली मजुरी छापलेली असली पाहिजे. दर नगाचा असला तरी तो तासांवरून ठरला पाहिजे आणि किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये. एखादीची नक्षी उचलून तिचा माल काढला गेला तर तिला विक्रीत हिस्सा मिळाला पाहिजे. ठोक रकमेवर बोळवण चालू देऊ नये. घरकामगारांचे मंडळ आणि लेव्ही ही मागणी राज्य सरकारपुढे ठेवली पाहिजे. आणि याआधी, या सर्वांआधी, गावोगावी व वस्तीवस्तीत शिवणाऱ्या बायकांची नोंद झाली पाहिजे. बचत गटाच्या वहीत कर्जदार म्हणून त्यांची नावे आहेतच. कामगार म्हणून ती अद्याप कोणी लिहिलेली नाहीत.

नावाचे महत्त्व बायकांना फार आधी कळले होते. गुरुसदय दत्त यांच्या बंगालमधील संग्रहात मानदासुंदरी दासी या स्त्रीची एक कांथा आहे. एकोणिसाव्या शतकातील त्या बाईने ती आपल्या वडिलांसाठी शिवली आणि टाक्यांनीच तिच्यावर आपले नाव घातले. आपण कोण आणि हे कोणासाठी केले, एवढे तिने कापडावर नोंदवून ठेवले. ज्या काळात बाईच्या नावाला कागदावर जागा नव्हती त्या काळात तिने सुईने ती जागा मिळवली. आजची गोधडी शिवणारी मात्र आपले काम निनावी सोडून देते आणि तिच्या मायेवर दुसऱ्याच्या दुकानाचा शिक्का बसतो.

प्रेरणा शिवणारीची असेल तर नावही तिचेच असले पाहिजे आणि दामही तिलाच मिळाला पाहिजे. जोवर हा हिशेब होत नाही तोवर चिठ्ठीवरच्या मायेच्या शब्दांना चळवळीने भुलता कामा नये. येत्या हिवाळ्यात प्रदर्शने पुन्हा भरतील, गोधड्या पुन्हा दांड्यांवर पसरल्या जातील. त्या वेळी प्रत्येक गावातील आणि शहरातील कार्यकर्त्याने दुकानाच्या दारात उभे राहून एवढेच विचारावे: ही कोणी शिवली, किती दिवसांत शिवली आणि तिला काय दिले? उत्तर मिळाले नाही तर ते शोधायला शिवणारीच्या घरी जावे. संघटनेचे काम तिथूनच सुरू होते.